सांगलीतला आरसेटीचा मोटर रिवाइंडिंग कोर्स: फुकट आहे म्हणून हलका समजू नका

गावातली पोरं, पाहुण्यांची पोरं सारखी विचारतात की तो बँकेचा फुकटातला कोर्स खरंच कामाचा आहे का नुसती सर्टिफिकेटं वाटतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. मी सांगलीत आरसेटीतून मोटर रिवाइंडिंग (म्हणजे जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी भरणं) आणि पंप दुरुस्तीचा महिनाभराचा निवासी कोर्स केला. आता तासगाव तालुक्यात माझं स्वतःचं दुकान आहे, हाताखाली दोन पोरं कायम असतात आणि उन्हाळ्यात तिसरा लागतोच. त्यामुळं हे ऐकीव नाही, सगळं स्वतः अनुभवलेलं आहे.

आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. योजना केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाची, आणि चालवते जिल्ह्याची अग्रणी बँक. मूळ कल्पना कर्नाटकातली आहे. धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात १९८२ साली डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा या दोन बँकांना बरोबर घेऊन अशी पहिली संस्था काढली, ती इतकी चालली की २००९ पासून प्रत्येक जिल्ह्यात अशी एक संस्था असावी असं केंद्रानं ठरवलं. फी नाही, राहणं फुकट, जेवण फुकट. शिवणकाम, ब्युटी पार्लर, दुग्धव्यवसाय, मोबाईल दुरुस्ती, टू-व्हीलर मेकॅनिक, पापड-लोणची-मसाले असे कितीतरी कोर्स असतात, दहा दिवसांपासून महिना-दीड महिन्यापर्यंत. गरीब घरातल्या आणि बचत गटातल्या घरच्या पोरापोरींना आधी घेतात, ते बरोबरच आहे.

जेवणाराहण्याचं थोडक्यात सांगतो. स्वच्छ आहे, पोटभर आहे, पहाटे उठावं लागतं, योगा असतो, आवारात श्रमदान असतं. ज्याला सकाळी दहाला उठायची सवय आहे त्याला पहिला आठवडा जड जातो, नंतर काही वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. जाताना सगळ्यांना वाटतं की पहिल्याच दिवशी हातात वायर आणि पक्कड देतील, खरं तसं होत नाही. पहिले काही दिवस मोटरीला हातसुद्धा लावू देत नाहीत. खेळ घेतात, बोलायला लावतात, रोज सकाळी कुणालातरी उभं करून काल काय शिकलो ते सगळ्यांसमोर सांगायला लावतात. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं या दिवसांत वैतागली होती, हे कशाला, आम्ही काय शाळेत आलोय का असं म्हणत होती. आणि मी आज छातीठोकपणे सांगतो की सगळ्या कोर्समध्ये सगळ्यात किमती दिवस तेच होते.

एक रिंग टाकायचा खेळ असतो. जमिनीवर एक खुंटी, हातात रिंगा, आणि कुठून टाकायची ते तुमचं तुम्ही ठरवायचं. जवळून टाकली तर गुण कमी, लांबून टाकली तर जास्त. काही पोरांनी अगदी खुंटीला खेटून रिंगा टाकल्या, काहीजण पार भिंतीला टेकले आणि एकही रिंग पडली नाही. मग सर फळ्यावर सगळ्यांचे आकडे मांडतात आणि एकेकाला विचारतात, तू तिथंच का उभा राहिलास? या प्रश्नावर भलेभले गप्प झाले. कारण आपण कधी ठरवलेलंच नसतं, बाकीचे उभे राहिले तिथं उभे राहिलो. दुसऱ्या फेरीला पोरं अंतर मोजून उभी राहायला लागली, आपल्याला जमेल पण जरा ताण पडेल अशा ठिकाणी. कर्ज किती घ्यायचं, दुकान कुठं टाकायचं, पहिल्या वर्षी काय काय हातात घ्यायचं, हा सगळा हिशोब त्या खेळात आहे.

मला नंतर उत्सुकता लागली म्हणून शोधून वाचलं. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या अभ्यासातून हे खेळ आले. १९६४ मध्ये त्यांनी आंध्रातल्या काकिनाडा गावच्या छोट्या धंदेवाल्यांना हैदराबादच्या संस्थेत नेऊन असं प्रशिक्षण दिलं आणि पुढं त्या लोकांनी बाकीच्यांपेक्षा जास्त नवे उद्योग उभे केले, धंदा वाढवला. म्हणजे हे काही हल्ली कुणीतरी काढलेलं फॅड नाही. अलीकडचा एक दाखला पण आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात दीड हजार छोट्या धंदेवाल्यांवर केलेला प्रयोग, २०१७ मध्ये छापून आला. काहींना नेहमीचं हिशोब-मार्केटिंग शिकवलं, काहींना स्वतः पुढाकार कसा घ्यायचा, अडचण यायच्या आधी कसं ओळखायचं, हे शिकवलं. पुढाकारवाल्यांचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला, हिशोबवाल्यांचा ११ टक्के, आणि तो ११ टक्के पण खात्रीनं प्रशिक्षणामुळंच असं म्हणता येत नव्हतं. टोगो कुठं आणि तासगाव कुठं, पण दुकानात बसल्यावर हे शंभर टक्के पटतं. वायंडिंग येणारी माणसं आमच्या भागात पुष्कळ आहेत, धंदा करणारी कमी आहेत.

दुसरा खेळ कागदी होड्यांचा. टीम पाडतात, कागद विकत घ्यायचा, ठरलेल्या मापाच्या होड्या करायच्या, सर गिऱ्हाईक होतात आणि वाकडी होडी सरळ परत करतात. आमच्या बॅचमध्ये एकच मुलगी होती, जत तालुक्यातली, तिच्या घरी बोअरची मोटर वर्षाआड जळते म्हणून काम शिकायला आलेली. तिची टीम जिंकली. बाकीच्या टीममध्ये सगळेजण आपापली होडी करत बसले होते, हिनं एकाला फक्त घडी घालायला बसवलं, एकाला कडा दाबायला, आणि जो सगळ्यात किरकिऱ्या होता त्याला माप तपासायला. स्वतः एकही होडी केली नाही. ऑर्डर किती घ्यायची ते मात्र तिनं सगळ्यांना विचारून ठरवलं. तिथं बाकीच्यांचे आवाज मोठे होते, तिचा सगळ्यात बारीक. मी आज पोरांकडून काम करून घेताना तो किरकिऱ्या माणूस तपासायला बसवायचा प्रकार जशास तसा वापरतो.

आता तांत्रिक भाग. शिकवणारे गडी स्वतः रिवाइंडिंगचं काम केलेले होते, ते पहिल्या तासाला कळतं. जुनं वायंडिंग कापायच्या आधी डाटा लिहून घ्यायचा, किती स्लॉट, किती टर्न, कुठल्या गेजची वायर, पीच किती, कनेक्शन स्टार का डेल्टा, हे वहीत उतरल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, ही सवय तिथं लागली. इन्सुलेशन पेपर कसा कापायचा, गुंडाळ्या स्लॉटमध्ये बसवताना इनॅमल खरवडू द्यायचं नाही, वार्निश कधी आणि किती, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला मोटर द्यायची नाही. पाणबुडी मोटरीचं वेगळं, तिच्यात पाणी भरलेलं असतं म्हणून वायर पॉलीची, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली लागते, वार्निशचं काम नाही.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे जळालेली मोटर वाचायला शिकवलं. तीनपैकी एक फेज गेलेला असताना मोटर चालली असेल तर ठरावीकच गुंडाळ्या काळ्या पडतात आणि बाकीच्या चांगल्या राहतात, ओव्हरलोडनं जळाली असेल तर सगळं वायंडिंग सारखं काळवंडतं. शेतकऱ्याला नुसती मोटर भरून दिली तर ती परत जळून येणार, कारण रोग स्टार्टरमध्ये असतो किंवा बेअरिंगमध्ये असतो. रात्रीची लाईट, एक फेज जातो, ऑटो स्टार्टर लावून माणूस घरी झोपलेला, सकाळी मोटर जळालेली, हे आमच्याकडं घरोघरी आहे. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला उघडलेली मोटर दाखवून कारण सांगतो आणि प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, बसवायला लावतो. माझं दुकान चाललं ते यामुळं चाललं, आणि जळकं तांबं गिऱ्हाइकासमोर वजन करून बिलातून वजा करतो यामुळं चाललं. तांब्याचे भाव बघता हे शेतकऱ्याला लई महत्त्वाचं असतं.

महिनाभरात हात बसतो का, तर नाही. ते कुठल्याच संस्थेत शक्य नाही. कोर्सनंतर निदान एक उन्हाळा एखाद्या जुन्या मिस्त्रीकडं काढा, पैसे कमी मिळाले तरी काढा. मार्च ते मे या दिवसांत जितक्या मोटरी बघायला मिळतात तितक्या एरवी वर्षभर मिळत नाहीत, ऊस आणि द्राक्षबाग दोन्हीला पाणी लागतं आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात.

शेवटच्या दिवसांत बाजाराची पाहणी करायला पाठवतात आणि प्रोजेक्ट रिपोर्ट करायला शिकवतात. गावात मोटरी किती, दुरुस्तीला कुठं जातात, किती दिवसांनी परत मिळते, हे स्वतः फिरून विचारायचं. मला तिथंच कळलं की लोकांची तक्रार पैशाची नाहीये, मोटर वेळेत मिळत नाही ही आहे, पीक वाळत असतं आणि मिस्त्री उद्या या म्हणतो. म्हणून मी दुकान काढतानाच ठरवलं की एकट्यानं करायचं नाही, माणूस ठेवायचाच.

कोर्सनंतर दोन वर्षं संस्था संपर्कात राहते हा नियमच आहे, आणि माझ्या बाबतीत तो पाळला गेला. फोन येतात, दुकान बघायला येतात, कर्जाची फाईल कुठं अडली विचारतात. खासगीत भरमसाट फी घेऊन हॉलमध्ये दोन दिवस भाषणं ऐकवणारे उद्योजकतेचे सेमिनार पण मी बघितलेत, तिथून घरी गेल्यावर तुम्हाला कुणी विचारत नाही. फरक इथं आहे.

आता कर्जाबद्दल, कारण बहुतेक पोरं इथंच गळतात. आरसेटीचं सर्टिफिकेट पीएमईजीपीला, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाला चालतं, तिथं उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं आहे ते परत करावं लागत नाही. पीएमईजीपी २००८ पासून आहे, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत आणि उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. खुल्या गटातल्या माणसाला ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी, महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक वगैरेंना ३५ टक्के. स्वतःचे पैसे खुल्या गटाला १० टक्के आणि बाकीच्यांना ५ टक्के घालावे लागतात. पण एक नीट समजून घ्या, सबसिडी हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असला तरच कर्जात वळती होते. गावात लोक सांगतात सरकार पैसे वाटतंय, तसं काही नाही. महाराष्ट्र सरकारची २०१९ ची सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) पण बऱ्यापैकी याच धर्तीवर आहे. थोडक्या पैशात भागत असेल तर मुद्रा कर्ज बघा, ५० हजारांपर्यंत शिशु, त्याच्यावर किशोर आणि तरुण.

माझा अनुभव एका बँक शाखेत वाईट आला. दहा लाखांपर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम तेव्हाही होता, तरी तिथं सातबारा मागितला, मग पगारदार जामीनदार मागितला, मग साहेब रजेवर, मग साहेबांची बदली. ज्याच्या बापाच्या नावावर शेत आहे आणि ज्याचा मामा शिक्षक आहे त्यालाच कर्ज मिळणार असेल तर ज्याच्यासाठी योजना काढली तो बाहेरच राहिला ना. याचा मला आजही राग आहे, कारण माझ्या बॅचमधली चांगल्या हाताची दोन पोरं याच कारणानं परत गलाईला (सोनं-चांदी वितळवायच्या कामाला) गेली, एक तमिळनाडूत आणि एक केरळात. माझं काम दुसऱ्या शाखेत झालं, तिथल्या मॅनेजर बाईंनी स्वतः येऊन जागा बघितली आणि फाईल पुढं सरकवली. नियम तोच, योजना तीच, माणूस बदलला की निकाल बदलतो, हे असं असता कामा नये. माझं सांगणं एवढंच की नकार आला तर लेखी मागा, आणि आरसेटीच्या सरांना लगेच कळवा.

मराठा समाजातल्या पोरांनी अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा नक्की बघावा. आधी पात्रता प्रमाणपत्र काढायचं, मग बँकेचं कर्ज, हप्ते वेळेवर भरले की व्याज खात्यात परत येतं. अण्णासाहेब आपल्या शेजारचेच, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले, मुंबईत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींना त्यांनी एकत्र केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यांच्या नावाच्या योजनेतून गावाकडं धंदे उभे राहतायत हे मला फार मोठं वाटतं.

आता कोर्समध्ये काय अजून पाहिजे ते सांगतो, आणि हे माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं आहे. हा कोर्स माणसाला स्वतःच्या पायावर उभा करतो, यात शंका नाही. पण देशातल्या छोट्या धंद्यांपैकी बहुतेक ठिकाणी मालक एकटाच राबतो, पगारी माणूस एकही नसतो. आणि रोजगाराचा प्रश्न एवढा मोठा आहे की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या अहवालात देशातल्या एकूण बेरोजगारांमध्ये ८३ टक्के तरुण आहेत असं म्हटलंय. प्रत्येकानं आपापलं दुकान काढून एकट्यानं बसायचं म्हटलं तर हे सुटायचं नाही, एकाचे दोन आणि दोनाचे चार व्हायला पाहिजेत. तो एकाचे दोन व्हायचा टप्पा सगळ्यात अवघड आहे आणि त्याच्यासाठी वेगळे दोन-चार दिवस द्यायला पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. पगार किती द्यायचा, मंदीत कसा द्यायचा, पोराला काम शिकवलं की तो शेजारी दुकान काढेल ही भीती कशी घालवायची, हे सगळं मालकाला स्वतःच शोधावं लागतं.

आणि उधारी. आमच्याकडं उसाचं बिल आल्यावर देतो हे वाक्य रोजचं आहे, आणि कारखान्याचं बिल कधी येईल ते शेतकऱ्याच्या हातात नसतं. शेतकरी खोटं बोलत नसतो, त्याच्याकडं खरंच नसतात. पण वायरवाला रोख मागतो आणि पोरांचा पगार एक तारखेला द्यायचाच असतो. मी तांब्याचे पैसे आधी आणि मजुरी बिल आल्यावर अशी पद्धत लावली, ती लोकांना पटली. अशा गोष्टी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून नव्या बॅचला सांगायला लावल्या तर फार फरक पडेल. मला बोलावलं तर मी दुकान बंद ठेवून जाईन.

माझ्याकडं जो पहिला पोरगा आला तो आयटीआय अर्धवट सोडलेला. सुरुवातीला फक्त मोटरी उचलून ठेवायचा आणि बेअरिंग काढायचा. मी त्याला डाटा लिहायची वही दिली आणि सांगितलं की वहीतली चूक ती तुझी चूक, मी परत तपासणार नाही. जबाबदारी पडल्यावर तो बदलला. आता गिऱ्हाइकाला कारण तोच समजावतो, माझ्यापेक्षा चांगलं समजावतो. त्याला कवठेमहांकाळच्या बाजूला स्वतःचं दुकान काढायचंय आणि येत्या बॅचला मीच त्याला आरसेटीत पाठवतोय. गावातले लोक मला म्हणतात, अरे गडी हातचा चालला. चालला तर चालला. किर्लोस्करवाडी इथून किती लांब आहे? १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि तिथं काम शिकलेल्या कितीतरी माणसांनी पुढं आपापले कारखाने काढले. मोटरी खराब होणाऱ्या पुष्कळ आहेत, काम सगळ्यांना पुरेल.

कुणी जावं, तर ज्याला धंदा करायचाय आणि महिनाभर फोन बाजूला ठेवून राबायची तयारी आहे त्यानं जावं. मुलींनी जरूर जावं, मोटरीच्या कामाला पण जावं, वजन उचलायला चेन पुली असते, बाकी सगळं काम बोटांचं आहे. ज्याला नुसतं सर्टिफिकेट पाहिजे किंवा नोकरी लावून देतील असं वाटतंय त्यानं जाऊ नये, त्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा वर सांगितलेल्या त्या एकाचे दोन व्हायच्या टप्प्यासाठी राखून ठेवला.

आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, पासबुक आणि फोटो घेऊन जा, बचत गटात आईचं नाव असेल तर तेही सांगा. पंचायत समितीत उमेदच्या (बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या) लोकांकडं चौकशी केली तरी नाव पुढं जातं. मोटर रिवाइंडिंगची बॅच वर्षभर सारखी नसते, मागणीप्रमाणं लागते, त्यामुळं आधी जाऊन नाव नोंदवून ठेवा आणि जमलं तर दिवाळीनंतरची बॅच धरा, म्हणजे मार्चमध्ये हंगाम लागतो तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी दुकानात कामाला बसलेले असाल. साताऱ्यातल्या पोरांनी सांगलीला यायची गरज नाही, तुमच्या जिल्ह्यात पण आरसेटी आहे.